‘धन’ खोडून ‘घन’: चॅरिटी शॉपमध्ये सापडलेल्या एका स्वाक्षरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण इंग्लंडच्या मध्य भागातल्या एका शहरातलं आहे. शहर, दुकान, कवी आणि कुटुंब यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. पुस्तकात हातानं लिहिलेल्या दोन ओळींवरून घर सहज ओळखू येईल, आणि त्या घरानं तेवढी एकच विनंती केली आहे. मी त्या दुकानात सहा वर्षं मंगळवारी आणि शनिवारी पुस्तकं निवडायला जाते. काम बिनपगारी आहे, आणि मला ते मनापासून आवडतं.

इथल्या चॅरिटी शॉपची पद्धत आपल्याकडच्या वाचकांना सांगायला हवी. लोक वापरलेले कपडे, भांडी, पुस्तकं फुकट आणून देतात, स्वयंसेवक ती निवडून, किंमत लावून विकतात आणि येणारा पैसा संस्थेच्या कामाला जातो. ऑक्सफॅम ही संस्था १९४२ साली ऑक्सफर्डमध्ये स्थापन झाली. त्याच गावातल्या ब्रॉड स्ट्रीटवरचं तिचं जुनं दुकान आजही चालू आहे, आणि फक्त पुस्तकांचं पहिलं दुकान तिनं १९८७ साली तिथेच सेंट जाइल्सला काढलं. आता लहानमोठ्या अनेक संस्थांची अशी दुकानं जवळपास प्रत्येक गावात असतात. आमचं त्यातलंच एक, पुढे पुस्तकं आणि मागे निवडायचं टेबल.

स्वाक्षरीची पुस्तकं या टेबलावर अधूनमधून येतात आणि इंग्रजी पुस्तकांच्या बाबतीत आमचे लोक तयार आहेत. नवीन स्वयंसेवकाला पहिल्याच दिवशी शिकवलं जातं: मुखपृष्ठ उलटा, कोरं पान बघा, मग नावाचं पान बघा. सही नुसती आहे की कुणाला उद्देशून दोन शब्दही आहेत? सही छापलेली तर नाही ना? भिंगाखाली छापील सहीचे ठिपके दिसतात. खऱ्या पेनाची शाई कागदाच्या धाग्यांत पसरलेली असते आणि बॉलपेन असेल तर पानाच्या मागच्या बाजूला बोटाला उठाव लागतो. लेखकानं ओळखीच्या माणसाला लिहून दिलेली प्रत असेल तर ती वेगळी ठेवायची. असं पुस्तक दोन पौंडांच्या फळीवर जाऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप.

आपल्याकडे हे काम रद्दीवाल्याच्या तराजूनंतर सुरू होतं. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास किंवा मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर बसणारा जुना विक्रेता पुस्तक हातात घेतल्याबरोबर आतलं पान बघतो. ‘सप्रेम भेट’ कुणाची, ‘अभिप्रायार्थ सादर’ कुणी कुणाला लिहिलं, हे तो वाचतो आणि मग भाव सांगतो. तो वाचू शकतो, ही त्यातली मोठी गोष्ट आहे. पुढे जे घडलं ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

अडचण

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी मी कामावर पोचले तेव्हा टेबलाखाली केळ्यांची दोन मोठी खोकी होती. वरच्या पुस्तकावर देवनागरी दिसली आणि मी कोटही न काढता खाली बसले. कथा, कविता, नाटकं, दिवाळी अंकांचे बांधीव संच, एक झिजलेली ज्ञानेश्वरी. पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं घातलेली, आणि प्रत्येकाच्या पाठीवर निळ्या शाईनं छोटा आकडा लिहिलेला. कुणीतरी हे घरचं ग्रंथालय म्हणून सांभाळलं होतं.

खोकी मुळात चार होती. शनिवारी संध्याकाळी, मी गेल्यावर, कुणीतरी गाडीतून आणून दिली होती. रविवारच्या पाळीतल्या सहकाऱ्यानं त्यातली दोन उघडली, लिपी ओळखीची नाही असं पाहिलं आणि नियमाप्रमाणे पुस्तकं ठोक विक्रीच्या गोणीत भरली. न खपणारी पुस्तकं आम्ही वजनावर एका व्यापाऱ्याला देतो आणि त्याची गाडी सोमवारी सकाळी येते. ती येऊन गेली होती. त्या सहकाऱ्याला मी दोष देत नाही. ‘परकी भाषा: गोणी’ असं भिंतीवरच्या यादीत लिहिलेलं होतं, आणि ती यादी सहा वर्षं माझ्याही डोळ्यांसमोर होती.

उरलेल्या दोन खोक्यांत ४३ पुस्तकं निघाली. त्यातलं एक पातळ, पुठ्ठा बांधणीचं, १९६० च्या दशकातलं, पहिल्या आवृत्तीचं. कवितासंग्रह होता. एवढ्या एका पुस्तकाचं खाकी कव्हर माझ्या आधी कुणीतरी काढून पाहिलं होतं आणि मूळ वेष्टनावर दीड पौंडाचं चिकट लेबल लावलं होतं. बहुधा मुखपृष्ठावरचं चित्र आवडलं म्हणून. आत, कोऱ्या पानावर, काळ्या-निळ्या शाईत लिहिलं होतं:

‘सौ. ... ताईंना, परदेशातल्या पिठलं-भाताची आठवण म्हणून. एक चूक पान ४१ वर सुधारली आहे, बाकीच्या तुम्ही सुधारा.’

खाली सही आणि १९७० च्या दशकातली तारीख. सहीतलं नाव मुखपृष्ठावरच्या नावाशी जुळत नव्हतं.

मॅनेजर बाईंनी पुस्तक बघून लगेच म्हटलं, ही तर मालकाची सही दिसते, नाव वेगळं आहे. इंग्रजी पुस्तकांच्या हिशेबानं त्यांचं बरोबरच होतं. पण मराठी कवितेत मुखपृष्ठावर एक नाव आणि घरच्या दारावर दुसरं, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर, आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे, अनिल म्हणजे आ. रा. देशपांडे. या तिघाचौघांतला आमचा कवी नाही, पण जात तीच: कविता टोपणनावानं, पत्रं आणि भेटी खऱ्या नावानं. सही खऱ्या नावाची होती. हे ओळखायला स्वाक्षऱ्यांचा जाणकार लागत नाही, मराठी वाचक लागतो. त्या दिवशी दुकानात तो मीच होते.

मग मी पान ४१ उघडलं. ‘धन’ या छापील शब्दावर एक बारीक आडवी रेघ आणि शेजारी समासात, त्याच शाईत, ‘घन’. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून होणाऱ्या जुन्या छपाईत घ आणि ध यांची गल्लत व्हायची, हे जुनी पुस्तकं वाचणाऱ्याला ठाऊक असतं. पण ही चूक लपून राहण्यासारखी होती. ओळ काहीतरी साठलेलं रितं होण्याची आहे. धन साठतं, घनही दाटून साठतो. दोन्ही वाचून चालतात. मी ती कविता कॉलेजात ‘धन’ म्हणूनच वाचली होती, आणि ती ओळ मला नेहमी जराशी कोरडी वाटायची. समासातला तो घ बघितला आणि सगळी कविता ओली झाली. ती सुधारणा पुढच्या आवृत्तीत झाली का? सांगलीत भावाकडे नंतरची आवृत्ती आहे. त्यानं रात्री फोटो पाठवला: ‘धन’च.

म्हणजे त्या दीड पौंडाच्या पुस्तकात तीन गोष्टी एकत्र होत्या. संस्थेच्या हक्काचे पैसे, एका घरातल्या बाईला लिहिलेले दोन शब्द आणि मराठी कवितेतल्या एका ओळीचा कवीच्या हातचा पाठ. तिन्हींचे धनी वेगवेगळे.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मनात आला तो मीच विकत घ्यायचा. दीड पौंडाचं लेबल लागलेलंच होतं. आमच्याकडे नियम असा की आपण निवडलेली वस्तू आपण घ्यायची असेल तर किंमत मॅनेजरनं लावायची आणि पैसे दुसऱ्या कुणी घ्यायचे. तो नियम पाळूनही मला ते मिळालं असतं, कारण बाईंच्या लेखी ते मालकाचं नाव असलेलं जुनं पुस्तक होतं. मी गप्प राहिले असते तर. हा विचार पाच-दहा मिनिटं माझ्या डोक्यात होता, आणि तो मी चांगल्या हेतूच्या कपड्यांत घालून बघितला: मी जपेन, मी अभ्यासकांना दाखवेन. मग मी बाईंना सहीचा अर्थ सांगितला. एकदा सांगितल्यावर तो रस्ता बंद झाला, आणि बरं झालं.

दुसरा, ऑनलाइन विक्री. इंग्रजी पुस्तकाचा भाव ठरवताना तसल्याच प्रती कितीला गेल्या ते बघतात. इथे बघायला काहीच नव्हतं. आम्हाला त्या कवीच्या सहीची एकही प्रत विक्रीला सापडली नाही. अंदाजानं २० पौंड लावले असते तरी चूक, २०० लावले असते तरी चूक.

तिसरा, ग्रंथालय. लंडनमध्ये सोआस या आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासाच्या विद्यापीठीय संस्थेच्या ग्रंथालयात मराठीचा साठा आहे, आणि ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसकडून, म्हणजे इंग्रजी राजवटीत भारताचा कारभार बघणाऱ्या लंडनच्या खात्याकडून, आलेली जुनी मराठी पुस्तकं आहेत. तिथे न विचारता पुस्तक पाठवून चालत नाही. प्रत आधीच असेल तर ती का घ्यायची हे पटवावं लागतं. पान ४१ हे तसं कारण होतं. पण विकण्याजोगी वस्तू फुकट देऊन टाकायचा अधिकार मॅनेजरला नसतो. दात्यानं ती ज्या कामासाठी दिली त्या कामाला तिचा पैसा लागला पाहिजे.

चौथा, लंडनचं महाराष्ट्र मंडळ. १९३२ पासूनची संस्था, डॉलिस हिलला स्वतःची वास्तू. बाकीच्या ४२ पुस्तकांसाठी हा विचार ठीक होता. या एका पुस्तकासाठी माझं मन तयार होईना. ज्या ताईंना ते लिहिलं होतं त्यांच्या घरच्यांना काही ठाऊकच नसेल तर?

पाचवा पर्याय म्हणजे देणाऱ्याला विचारायचं. मॅनेजर बाईंचा याला आधी विरोध होता. लोक आईवडिलांचं घर रिकामं करून खोकी आणून देतात तेव्हा त्यांनी तो निरोप घेतलेला असतो. आपण फोन करून जखम का उघडायची? हा मुद्दा मला आजही वजनदार वाटतो. त्या २० वर्षं हे काम करतात आणि त्यांनी अशी रडणारी माणसं काउंटरवर पाहिली आहेत.

काय केलं

पहिलं काम लेबल काढायचं. खटकन ओढलं असतं तर वेष्टनाचा कागद सोबत आला असता. बाईंनी घरून केस वाळवायचं यंत्र आणलं, सगळ्यात कमी उष्णतेवर, वीतभर लांबून. मी प्लास्टिकच्या पट्टीनं कडा किंचित उचलायची, थांबायची, पुन्हा ऊब, पुन्हा उचलायची. एका चौकोनाला पंधरा मिनिटं लागली. एका कोपऱ्यात नखाएवढा रंग गेलाच.

दुसरं काम मी केलं आणि ते चुकलं. सही खरी की नाही हे पडताळायला त्या कवीची पत्रं कुणीतरी पाहिलेली हवी होती. पुण्यातली माझी कॉलेजची मैत्रीण जुन्या पुस्तकांच्या जगात वावरते. मी तिला सहीच्या पानाचा आणि पान ४१ चा फोटो पाठवला. तिनं दोन तासांत सांगितलं, अक्षर त्यांचंच. र आणि ख बघ, छापलेल्या पत्राच्या नमुन्याशी तंतोतंत जुळतात. तिनं ‘कुणाला दाखवू का?’ असं विचारलं आणि मी घाईत ‘एखाद्या जाणकाराला दाखव’ म्हटलं. त्या एका जाणकारानं तो फोटो संग्राहकांच्या गटात टाकला. फोटोत ताईंचं पूर्ण नाव होतं. मी झाकलं नव्हतं.

गुरुवारी मला अनोळखी नंबरांवरून निरोप यायला लागले. एकानं थेट २५,००० रुपये देऊ केले, कुरियरसकट. दुसऱ्यानं विचारलं, त्या घरात आणखी काय काय आहे? हा दुसरा निरोप वाचून माझ्या पोटात गोळा आला. घरातली म्हातारी माणसं गेल्यावर कपाटांकडे बघणारी नजर अशीच असते. मी सगळ्यांना नाही कळवलं, मैत्रिणीला फोटो काढायला सांगितला. तिनं काढला, पण फिरलेला फोटो परत येत नाही.

२५,००० रुपये म्हणजे त्या वेळच्या भावानं दोनशे पौंडांच्या वर. मी आकडा लपवला नाही, आणि तो ऐकल्यावर मॅनेजर बाईंचं मत विकण्याच्या बाजूला झुकलं. ते त्यांचं कर्तव्यच होतं. एका छोट्या दुकानाला पुस्तकांच्या एका शनिवारी एवढं मिळत नाही.

इथे आम्हाला वाट दाखवली ती खोक्यावरच्या एका पट्टीनं. इंग्लंडमध्ये ‘गिफ्ट एड’ नावाची सवलत आहे. दाता आयकर भरत असेल तर त्याच्या देणगीच्या प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून २५ पेन्स वर मिळतात. ही सवलत पैशाच्या देणगीवर मिळते, वस्तूच्या नाही. म्हणून दुकानं कायद्यात बसणारा मार्ग काढतात: दुकान अडत्या बनतं. मार्केट यार्डात माल शेतकऱ्याचाच असतो, अडत्या तो विकून देतो, तसंच. विक्री झाल्यावर संस्था दात्याला लिहिते, तुमच्या वस्तूंचे इतके पैसे आले, ते देणगी म्हणून ठेवू का? दाता हो म्हणतो आणि मग ती पैशाची देणगी होते. हे कळण्यासाठी प्रत्येक दात्याचा क्रमांक असलेली बारकोडची पट्टी मालावर लावतात.

आमच्या दोन्ही खोक्यांवर ती पट्टी होती. म्हणजे विकलं जाईपर्यंत ते पुस्तक कायद्यानं अजून त्या दात्याचंच होतं. मी हे वाक्य बोलले तेव्हा बाई काही क्षण थांबल्या आणि म्हणाल्या, ‘मग विचारायलाच हवं.’ इतकी वर्षं ही पट्टी आमच्या सगळ्यांच्या लेखी सव्वापट पैशाची पट्टी होती.

दात्याचं नाव-पत्ता आम्हाला दुकानात दिसत नाही, हेड ऑफिसलाच दिसतो, आणि तो आमच्या हाती देणं नियमात बसत नाही. ताईंच्या नावावरून मी इथल्या मराठी मंडळात विचारलं असतं तर तासाभरात घर सापडलं असतं. ते मी केलं नाही. फोटोचा चटका ताजा होता. ऑफिसनं पत्र लिहायचं ठरलं. त्यांच्या मसुद्यात ‘तुमच्या देणगीत एक मौल्यवान वस्तू आढळली आहे’ असं वाक्य होतं. मी विनंती केली की ते काढा. त्याऐवजी त्या पानाचा फोटो आणि ओळींचं इंग्रजी भाषांतर जोडा, आणि ‘हे तुम्हाला हवं आहे का’ एवढंच विचारा. किंमत आधी सांगितली की माणूस किंमतीबद्दलच विचार करतो. पिठलं-भाताला इंग्रजीत काय म्हणायचं यावर मी एक संध्याकाळ घालवली. शेवटी लिहिलं: बेसनाचं साधं कालवण आणि भात, घरात काही नसताना पाहुण्यासाठी करतात ते.

काय झालं

पाच आठवडे काही नाही. ख्रिसमसचे दिवस, हेड ऑफिसचं पत्र म्हणजे वर्गणी मागत असतील असं वाटून ते न उघडता पडलं होतं, हे नंतर कळलं. तोवर पुस्तक बाईंच्या कपाटात, खाकी कागदात. जानेवारीच्या मध्याला ताईंच्या मुलीचा फोन आला, आणि शनिवारी ती स्वतः आली.

पन्नाशीची असेल. वडील १९६० च्या दशकात इथल्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर म्हणून आले होते. तेव्हा भारतातून खूप डॉक्टर येत. आई चार वर्षांपूर्वी गेली, वडील गेल्या उन्हाळ्यात. घर विकायचं होतं. मराठी तिला ऐकून कळतं, वाचता येत नाही. पुस्तकं ती ‘बाबांची पुस्तकं’ म्हणत होती, कारण कपाट बाबांच्या खोलीत होतं.

मी पान तिच्यासमोर धरलं आणि वाचून दाखवलं. ‘सौ. ... ताईंना’ म्हणताच तिनं मला थांबवलं. आईला? बाबांना नाही? मी म्हटलं, आईलाच. ती खुर्चीत बसली. तिला एक पाहुणा आठवत होता, ती सात-आठ वर्षांची असताना दोन रात्री राहिलेला. तिला आपली खोली त्याला द्यावी लागली होती म्हणून राग आला होता. आई स्वयंपाकघरात त्याच्याशी खूप वेळ बोलत होती, एवढंच. ‘बाकीच्या तुम्ही सुधारा’ याचा अर्थ तिनं विचारला. मी सांगितलं, हे असं कुणालाही लिहीत नाहीत. ज्याचं वाचन पक्कं आहे असं वाटतं त्याला लिहितात.

तिनं पुस्तक परत नेलं. संस्थेला तिनं आपणहून २५० पौंडांची देणगी दिली, आम्ही आकडा सुचवला नव्हता. पान ४१ आणि सहीचं पान, नाव झाकून, स्कॅन करायला परवानगी दिली. ते स्कॅन मी महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठातल्या अभ्यासकांना आणि त्या संग्रहाच्या प्रकाशकांना पाठवले. अभ्यासकांचं उत्तर दोन दिवसांत आलं. प्रकाशकांकडून पोच आली आहे. पुढच्या आवृत्तीत ‘घन’ होईल का ते अजून ठरलेलं नाही.

उरलेल्या ४२ पुस्तकांतली तिनं ज्ञानेश्वरी ठेवून घेतली. बाकीची इथल्या मराठी लोकांच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात टेबल मांडून विकली. सगळी गेली.

काय वेगळं करता आलं असतं

फोटो पाठवायच्या आधी नाव झाकायला हवं होतं. पडताळणीला सहीचं अक्षर पुरेसं होतं, वरच्या ओळींची गरजच नव्हती. आता मी फक्त सहीवर कागदाची खिडकी ठेवून फोटो काढते, आणि ‘पुढे पाठवू नये’ हे पाठवण्याच्या आधी विचारून घेते, नंतर सांगत नाही.

देणाऱ्याला विचारायचा निर्णय बरोबर होता असं मला वाटतं, पण प्रत्येक वेळी असेल असं नाही. नुसती सही असलेलं पुस्तक असतं तर मी बाईंच्या बाजूनं गेले असते आणि ते विकलं असतं. इथे घरातल्या माणसाचं नाव होतं आणि देणाऱ्याला लिपी वाचता येत नसण्याची शक्यता होती. माहीत असून दिलेली वस्तू आणि माहीत नसताना दिलेली वस्तू यांत फरक आहे. बाई याच्याशी पूर्ण सहमत नाहीत. त्यांच्या मते या मुलीला आनंद झाला म्हणून आपण पुढच्या दाराची घंटाही वाजवू, आणि तिथे कुणी आईशी भांडून घर सोडलेलं असेल.

पत्राऐवजी ऑफिसनं फोन करायला हवा होता का? पाच आठवडे वाचले असते. पण फोनवर ओळी दिसल्या नसत्या, आणि तिनं खुर्चीत बसून जे ऐकलं ते गाडी चालवताना ऐकलं असतं. म्हणून मी पत्रच ठेवीन; फक्त पाकिटावर दुकानाचा शिक्का मारीन.

सगळ्यात मोठी गोष्ट भिंतीवरच्या यादीची. ‘परकी भाषा: गोणी’ ही ओळ आता नाही. त्या जागी स्वयंसेवकांना वाचता येणाऱ्या लिपींची आणि भाषांची यादी आहे: देवनागरी, गुजराती, गुरुमुखी, उर्दू, पोलिश, वेल्श. प्रत्येकीपुढे पाळीचे दिवस लिहिले आहेत. जिचा वाचणारा नाही ती खोकी दोन आठवडे थांबतात. मागची खोली अरुंद आहे आणि ही खोकी पायात येतात, यावरून कुरबुर होते. मी पहिल्या महिन्यातच ही यादी मागायला हवी होती. मी मराठी वाचते हे दुकानात सगळ्यांना माहीत होतं, पण ते कामाचं आहे असं मला स्वतःलाच वाटलं नव्हतं.

एप्रिलमध्ये त्या मुलीनं आणखी एक गोष्ट पाठवली. आईच्या शिवणाच्या डब्याखाली एक लांबट वही सापडली होती. हे काय आहे ते वाचून सांगाल का, म्हणून तिनं पानापानाचे फोटो पाठवले. ती पुस्तकांची यादी होती, पाठींवरच्या निळ्या आकड्यांची. क्रमांक, नाव, लेखक, कुठून आलं, कुणाला वाचायला दिलं, परत आलं की नाही. एकूण ९६ नोंदी. आमचा संग्रह ३८ वा. त्यापुढे शेवटच्या रकान्यात एकच शब्द: ‘सही’.

तोच शब्द आणखी तीन नोंदींपुढे आहे. मी त्या ४३ पुस्तकांची आमची यादी काढून दोनदा ताडून पाहिली. तिन्ही त्यात नाहीत. व्यापाऱ्याच्या गोदामात मी तिन्हींची नावं, इंग्रजी अक्षरांत आणि देवनागरीत, कळवून ठेवली आहेत. मुलीनं त्या तिघांची नावं विचारली, तेव्हा मी ती तिला वाचून दाखवली.